परवलीचा शब्द: सुरक्षित तरीही स्मरणात राहणारा

(औसा येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात परवलीच्या शब्दाविषयी, म्हणजे आपण ज्याला व्यवहारात पासवर्ड म्हणतो त्याविषयी, चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. या विषयात मी तज्ज्ञ नाही. तथापि, या बाबतीत घडू शकणाऱ्या दोन्ही प्रकारच्या चुका मी मुख्याध्यापक असताना स्वतः केल्या आहेत. त्या आपणांपुढे मांडाव्यात आणि त्यांतून मला जे उमगले ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली चूक सांगतो. शाळेच्या कार्यालयात, माझ्या खुर्चीच्या मागे, एक दिनदर्शिका टांगलेली असे. शाळेच्या संगणकीय माहितीचा परवलीचा शब्द विसरू नये म्हणून मी तो त्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात शाईने लिहून ठेवला होता. एके दिवशी इयत्ता चौथीतील एक मुलगी हजेरीपट घेऊन आली. मी सही करीपर्यंत ती भिंतीकडे पाहत उभी होती. तेवढ्यात तिने मोठ्या, स्पष्ट स्वरात वाचावयास आरंभ केला आणि विचारले, "गुरुजी, आपल्या शाळेचं नाव लिहून पुढं एक-दोन-तीन कशाला लिहिलंय?" कार्यालयात त्या वेळी तीन-चार परकी माणसे बसलेली होती. मुलीचा काहीच दोष नव्हता. नुकतेच वाचता येऊ लागलेल्या मुलाला समोर दिसेल ते वाचल्यावाचून राहवत नाही, आणि तिला वाचावयास मीच शिकविले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या एका शब्दाने जे दार उघडत होते, त्याच्या आत त्याच मुलीचे नाव होते, तिच्या आईचे नाव, जन्मदिनांक, जात आणि आधार क्रमांक होता. तिच्याबरोबर शाळेतील प्रत्येक मुलाचा हा सर्व तपशील होता. पालकांनी तो आपल्या विश्वासावर आपल्या हाती दिलेला असतो. पूर्वी हे सर्व दाखलखारिज रजिस्टरात असे आणि ते रजिस्टर लोखंडी कपाटात कुलूपबंद राही. २०१५ साली आपल्या राज्यात 'सरल' प्रणाली आली, पुढे यू-डायस प्लस आली. रजिस्टर संगणकात गेले, आणि कपाटाच्या किल्लीची जागा परवलीच्या शब्दाने घेतली. कपाटाची किल्ली दिनदर्शिकेला टांगून ठेवण्याचे धाडस मी कधीच केले नसते.

आता दुसरी चूक. मनाला चटका बसल्यामुळे मी दुसऱ्या टोकाला गेलो. लहानमोठी इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांची बारा घरांची एक सरमिसळ मी तयार केली. ती कोठेही लिहिली नाही, कोणासही सांगितली नाही. शब्द अभेद्य झाला खरा, परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तो माझ्यासाठीही अभेद्य झालेला होता. नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांकही जुना असल्यामुळे नवा शब्द मिळण्यास अकरा दिवस लागले. याच काळात ऊसतोडीसाठी बाहेर गेलेल्या एका कुटुंबातील मुलाच्या नव्या शाळेने त्याच्या बदलीची विनंती आमच्या शाळेकडे पाठविली होती. मी ती संमत करीपर्यंत तो मुलगा त्या नव्या गावी वर्गात बसत होता, पण त्याचे नाव ऑनलाइन पटावर येत नव्हते. हजेरी घेताना आपले नाव पुकारले जात नाही, यात सात-आठ वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना आपणा शिक्षकांना मी वेगळी करून देण्याची गरज नाही.

पहिल्या वेळी माझे कुलूप कोणीही उघडू शकत होता. दुसऱ्या वेळी धन्यालाही ते उघडता येईना. दोन्ही वेळा हानी मुलांचीच होती. म्हणून माझे आजचे सांगणे असे की, सुरक्षितता आणि स्मरणसुलभता यांना परस्परविरोधी मानणे हेच मुळात चुकीचे आहे. जो शब्द लक्षात राहत नाही तो अखेर भिंतीवर जातो, अथवा दहा ठिकाणी एकच वापरला जातो, अथवा कायमचा हरवतो. म्हणजे तो सुरक्षितही राहत नाही.

'परवलीचा शब्द' ही संज्ञाच पाहा. ती छावणीतील आहे. अंधारात येणारा मनुष्य आपला की परका, हे ओळखण्यासाठी पहारेकरी तो शब्द विचारीत असे. तो शब्द साध्या, कदाचित निरक्षर शिपायाच्याही तोंडी रात्रभर राहिला पाहिजे आणि शत्रूला मात्र तर्काने सापडता कामा नये, अशा दोन अटी त्यावर होत्या. आपल्यापुढील प्रश्न याहून वेगळा नाही. फरक एवढाच की आजचा शत्रू एक-दोन शब्द बोलून पाहत नाही. तो यंत्राच्या साह्याने कोट्यवधी शब्द लावून पाहतो.

मनुष्यमात्र सोपा शब्द निवडतो, हे फार पूर्वीच दिसून आले आहे. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन या दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची छाननी दिलेली आहे. त्यांपैकी २,८३१ म्हणजे सुमारे ८६ टक्के शब्द एक तर अगदी आखूड होते, अथवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. पुढे तीस वर्षांनी, २००९ मध्ये, रॉकयू नावाच्या कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचे शब्द उघड्यावर आले. त्यांत सर्वांत अधिक लोकांनी निवडलेला शब्द होता '१२३४५६'. आपल्याकडे गावाचे नाव, त्यापुढे एक चिन्ह आणि त्यापुढे एक-दोन-तीन, ही पद्धत तर इतकी रूढ आहे की परक्या मनुष्यालाही ती तोंडपाठ असावी. मुलाचे नाव व जन्मसाल, गाडीचा क्रमांक, भ्रमणध्वनीचे शेवटचे आकडे हीही त्याच माळेतील मणी होत.

यावर उपाय म्हणून कठीण नियम करण्यात आले. एक अक्षर मोठे हवे, एक अंक हवा, एक चिन्ह हवे, आणि ठरावीक दिवसांनी शब्द बदललाच पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे हे नियम जगभर पसरले. त्याच बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, एका वृत्तपत्राशी बोलताना आपल्या या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. कारण लोक काय करीत होते? पहिले अक्षर मोठे, शेवटी एक आणि उद्गारचिन्ह; पुढच्या वेळी एकच्या जागी दोन. नियम पाळला जाई, पण शब्दात काहीच बळ येत नसे. २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपले धोरण बदलले. विनाकारण वारंवार शब्द बदलावयास लावू नये, चिन्हांची सक्ती करू नये, लांब शब्दाला वाव द्यावा आणि पूर्वी उघड झालेले शब्द मात्र स्वीकारू नयेत, असे ते नवे धोरण आहे. २०२५ च्या आवृत्तीत तर, जेथे केवळ परवलीच्या शब्दावरच भिस्त असेल तेथे तो किमान १५ अक्षरांचा असावा, असे म्हटले आहे.

बंधुभगिनींनो, केवळ बोजड दिसते म्हणून एखादी गोष्ट मजबूत असत नाही, हे आपल्या तालुक्याला दुसऱ्या कोणी सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारी आणि परिसराने पाहिली आहे. हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे. त्या घरात माणूस निर्धास्त निजत असे. परंतु ते दगड केवळ मातीत बसविलेले होते, एकमेकांशी बांधलेले नव्हते. धरणी हादरली तेव्हा त्याच भिंती घरच्यांवर कोसळल्या. नंतर तज्ज्ञांनी काय शिकविले? भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, घराभोवती फिरणारा पट्टा घाला. बळ जाडीत नसून बांधणीत असते, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. त्या दुःखाशी आजच्या विषयाची तुलना मी करीत नाही. धडा मात्र तोच आहे.

मग परवलीच्या शब्दाची बांधणी कशी करावी? येथे आपला शिक्षकी अनुभवच उपयोगी पडतो. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली असे दाखविले की मनुष्य एका वेळी सुमारे सात, फार तर दोन अधिक वा दोन उणे, इतकेच घटक ध्यानात धरू शकतो. परंतु घटक म्हणजे अक्षरच असले पाहिजे असे नाही. अर्थपूर्ण शब्द हाही एकच घटक होतो. बारा सुटी चिन्हे म्हणजे बारा घटक, म्हणून ती निसटतात. पाच ओळखीचे शब्द म्हणजे पाचच घटक, जरी त्यांत पंचवीस-तीस अक्षरे असली तरी. पावकी, निमकी, दिडकी आपल्या आजोबांच्या ओठांवर जन्मभर राहिली, ती लय आणि उजळणी यांच्या बळावर. तेच बळ येथे वापरावयाचे आहे.

रीत सोपी आहे. शून्यापासून नऊपर्यंतचे अंक दहा चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत. एक चिठ्ठी काढून अंक टिपावा व ती परत डब्यात टाकावी. असे तीनदा केल्यावर तीन अंकी संख्या मिळते. सुमारे एक हजार पानांच्या शब्दकोशातील त्या क्रमांकाचे पान उघडावे आणि त्यावरील पहिला सोपा शब्द घ्यावा. पान नसेल तर पुन्हा चिठ्ठ्या काढाव्यात. या प्रकारे पाच शब्द जमवावेत. शब्दकोश लहान असेल तर एक शब्द वाढवावा. समजा, आपल्याला खुरपे, पतंग, तराजू, लिंबू आणि आगगाडी हे शब्द मिळाले. खुरप्याने पतंगाचा दोरा कापला, पतंग तराजूत पडला, दुसऱ्या पारड्यात लिंबू होते आणि आगगाडी सर्वच घेऊन गेली, असे हास्यास्पद चित्र मनाशी रंगवावे. चित्र जितके विचित्र तितके ते पक्के बसते. मात्र हे पाच शब्द आता छापले जाणार आहेत, म्हणून ते कोणीही वापरू नयेत!

याचे गणितही पाहून घ्या. इंग्रजी २६ अक्षरांतून चिठ्ठ्या टाकून आठ अक्षरांचा शब्द केला तर सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात. एक हजार शब्दांतून पाच शब्द निवडले तर १० कोटी कोटी, म्हणजे पहिल्याच्या पावणेपाच हजारांहून अधिक पट. परंतु अट एकच: निवड दैवावर सोडली पाहिजे. आवडत्या अभंगाची ओळ, प्रार्थनेचा चरण किंवा लोकप्रिय गाण्याचे धृपद घेऊ नये. जे हजारोंना पाठ आहे ते यंत्रालाही पाठ करविता येते.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना एक अडचण येते, तिचा आधीच बंदोबस्त करावा. 'तराजू' मधील दीर्घ 'आ'साठी इंग्रजी 'ए' एकदा लिहावयाचा की दोनदा, हे त्या क्षणी आठवत नाही आणि बरोबर शब्द असूनही दार उघडत नाही. म्हणून दीर्घ स्वरासाठीही एकच अक्षर, असा एक नियम मनाशी ठरवून तो सर्वत्र पाळावा. एखादी प्रणाली मोठे अक्षर, अंक किंवा चिन्ह मागत असेल तर ते खुशाल द्यावे. खरे बळ शब्दांच्या संख्येत आहे, हे मात्र विसरू नये. काही ठिकाणी लांब शब्द स्वीकारलाच जात नाही. तेथे चिठ्ठ्यांवर अक्षरे व अंक लिहून, मिळेल तेवढ्या लांबीचा शब्द काढावा.

शब्द तयार झाल्यावर त्याची उजळणी करावी. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, मग आठवड्याने एकदा. सुट्टी लागण्यापूर्वी आणि संपण्यापूर्वी एकेकदा तो प्रत्यक्ष टंकून पाहावा. मी हे केले असते, तर त्या मुलाचे अकरा दिवस वाया गेले नसते.

आता आपण विचाराल की शाळेचा, वेतनाचा, बँकेचा, टपालाचा, असे डझनभर शब्द कोणी लक्षात ठेवावेत? कोणीही ठेवू नयेत. आपल्या ई-टपालाचा, बँकेचा आणि शाळेच्या प्रणालीचा असे तीन शब्द पाठ करावेत. ते तिन्ही वेगळे असावेत. उरलेले वहीत लिहून कुलूपबंद ठेवण्यात काही पाप नाही. दूर देशी बसलेल्या भामट्याला आपल्या कपाटातील वही दिसत नाही. भिंतीवरील कागद मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. ज्यांना भ्रमणध्वनीची सवय आहे त्यांनी असे शब्द सांभाळणारे विश्वसनीय साधन वापरावे. एकच शब्द दहा ठिकाणी वापरणे हे सर्वांत घातक, कारण एका ठिकाणची चोरी दहाही दारे उघडते.

आपल्या औशाचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे एका तटावर विसंबून राहिलेले नाहीत. तटाच्या आत दुसरा तट आहे आणि बाहेर खंदक आहे. जेथे सोय असेल तेथे आपणही दुसरा तट घालावा. परवलीचा शब्द दिल्यावर भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा अंक, म्हणजे ओटीपी, हा तो दुसरा तट होय. तो अंक विचारणारा मनुष्य आपण बँकेतून अथवा वरिष्ठ कार्यालयातून बोलतो असे सांगत असला, तरी तो त्याला सांगू नये. फसवणुकीने पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कायदा चोरी झाल्यानंतर धावून येतो. कुलूप आधी लावावे लागते.

शाळेपुरत्या काही गोष्टी मी आग्रहाने सांगतो.

१. शाळेचा परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून, जोडावर सही करून, वरिष्ठांच्या अनुमतीने कुलूपबंद ठेवावा. मुख्याध्यापक आजारी पडले तरी मुलांचे काम अडू नये. पाकीट उघडल्यास त्याची नोंद करावी आणि शब्द बदलावा.

२. बदली अथवा निवृत्तीच्या वेळी पदभाराच्या यादीत या पाकिटाचा उल्लेख असावा. नव्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी नवा शब्द करावा आणि नोंदविलेला भ्रमणध्वनी क्रमांकही बदलून घ्यावा.

३. बाहेरच्या सेवाकेंद्रात काम करून घ्यावे लागले, तर शब्द स्वतः टंकावा, काम संपताच प्रणालीतून बाहेर पडावे आणि 'शब्द लक्षात ठेवू का' असे यंत्राने विचारल्यास नकार द्यावा.

४. शब्द फुटल्याची शंका येताच तो बदलावा. शंका नसताना केवळ महिना उलटला म्हणून बदलू नये.

५. इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांकडून चिठ्ठ्यांचा हा खेळ करवून घ्यावा. त्यात भाषा आहे, गणित आहे आणि उद्याचे शहाणपणही आहे. मात्र त्यांना हेही सांगावे की परवलीचा शब्द मित्राला सांगू नये, परंतु ज्या गोष्टीची भीती वाटते ती आईवडिलांपासून आणि गुरुजींपासून कधी लपवू नये. गुपित आणि भीती यांतील हा भेद मुलांना लहानपणीच कळला पाहिजे.

गुरुजनहो, हे विषय नवे आहेत, आपल्यावर कामाचा भार मोठा आहे, आणि प्रत्येक नवी प्रणाली आणखी एक शब्द मागते, हे मी जाणतो. म्हणून मी आपणांस आणखी कठीण काही करण्यास सांगत नाही. तीनच शब्दसमूह तयार करा, तीनच पाठ करा, उरलेले कुलपात ठेवा. एवढे केल्यास विसरण्याची चिंता आणि चोरीची चिंता दोन्ही बऱ्याच अंशी दूर होतील.

उद्या सकाळी शाळा उघडताच प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी एकदा कार्यालयात जावे. दिनदर्शिकेचा कोपरा, कपाटाच्या दाराची आतली बाजू, टेबलावरील काचेखालचा कागद पाहावा आणि तेथे जे सापडेल ते काढून टाकून त्याच दिवशी नवा शब्द करावा. आपल्या शाळेतील मुलांना वाचता येते. ते तसे यावे म्हणूनच आपण तेथे आहोत.